लाल खांबातलं सांबार

नाही हो, प्रेझेंटेशन चांगलंच झालं — कापी प्या आधी, निवते ती — चांगलंच झालं, फक्त तुम्ही बोललात फार कमी. बाकी सगळं पडद्यावर आहे, वाचून घ्या, म्हणालात आणि हात बांधून उभे राहिलात. असं करितात का? विकायला आलेल्या माणसानं बोलावं. आमचे मालक सांबशिवसार, त्यांच्या लग्नमंडपांची खरेदी मी वीस वर्षं पाहतो, तंजावरात किती जण स्वयंपाकाची यंत्रं विकायला आले नि गेले, पण वाचून घ्या म्हणणारे तुम्ही पहिले. त्यात पडद्यावर सगळं मराठी.

मीच सांगितलं होतं? होय, फोनवर मीच सांगितलं. सार म्हणत होते इंग्रजी असू दे, सगळ्यांस समजेल. मी म्हणालो, कशाला सार, पुण्याचा माणूस, आमची भाषा, आमच्या लोकांनी इथं राज्य केलं ती भाषा, मी आहे की सांगायला. — राज्य केलं म्हणजे, राजांनी केलं, आमचे लोक त्यांच्या स्वयंपाकघरात होते असं आजी म्हणायची, पण ते राहू द्या. तर तुम्ही पडदा लावलात आणि सार माझ्याकडे वळून म्हणाले, तुळजाराम, वाच.

आता पाहा, आम्ही घरांत मराठीच बोलतो, भांडतोही मराठीतच, पण लिहायचं म्हणजे तमिळ अक्षरांत. माझी बायको मंगला सामानाची चिठ्ठी देते ना, शब्द सगळे मराठी, अक्षर एकूणएक तमिळ. तुमची ही वरून रेघ मारलेली अक्षरं — ओळखीची वाटतात हो, लांबून. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. वीस वर्षं त्या खोलीत मी मराठीवाला म्हणून मिरवतो, येत नाही म्हणायला जीभच उचलेना. लाज वाटली.

म्हणून वाचलं. म्हणजे, तमिळमध्ये सांगितलं, मनाचंच. चित्रं होतीच की. तो उंच लाल खांब — काय होतं ते? गॅस किती लागतो ते? अय्यो. मी म्हणालो सांबार. पिवळा खांब भात, लाल सांबार, जितका उंच तितकी चव. हसू नका, सारांनी मान हलवली. मग तो कोटवाला आला, हात जोडून हसणारा — मी म्हणालो, हे तिरुवैयारुचे मोठे आचारी, यंत्र घेतल्यापासून असेच हसतात. तुमचे मालक का ते? असू देत, पण सारांस आता त्यांचा फोन नंबर पाहिजे. आणि भात झाला की यंत्र आपोआप थांबून घंटा वाजवतं असंही एक मी — घंटा नाही? बसवता येईल का? एवढीशी हो, कसलीही.

ऐका, वाईट हेतू नव्हता. यंत्र आम्हांस हवंच आहे. आमचा आचारी मुरली, भाताचं पाणी ओतता ओतता कोपरापर्यंत पोळलाय, मला बघवत नाही. तुमचं वाफेचं यंत्र आलं तर सुटेल बिचारा. आता हवंच आहे म्हणालो म्हणून भाव चढवू नका — हे मी तुम्हांस सांगायलाच नको होतं. तुम्ही आत जाऊन एवढंच म्हणा, तुळजाराम म्हणतात ते बरोबर. आणि नंबर तुमच्या मालकांचाच द्या, फोन आला तर त्यांस थोडं तमिळमध्ये हसायला सांगा.

काय? मागे कोण? — जननी, ये मा. ही सारांची मुलगी. — काय म्हणते, समजलं का तुम्हांस? सार म्हणतात पडदा पुन्हा लावा, मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, आणि ही शेजारी बसून लिहून घेणार. — काय मा? हिंदीच्या परीक्षा? सगळ्या दिल्यास? — म्हणते, अक्षरं तीच असतात, मामा. म्हणते, मराठी समजत नाही, पण गॅस तर वाचता येतं. मघापासून वाचत होती. वडलांना काही बोलली नाही, मामांनाच सांगू दे म्हणून.

कापी राहू द्या. चला आत. मला वाचता येत नाही हे मी सांगतो, तमिळमध्ये. मग तुम्ही बोला — इंग्रजीत, पहिल्यापासून, गॅससकट. मी गप्प बसतो.