एकोणीस तारखेची स्लाइड

झरीन : पेशीच्या कडेला एक काडी आहे, काका. लालसर जांभळी, सुईसारखी बारीक. केंद्रक एवढं मोठं की पेशीत बाकी जागाच नाही. केंद्रकात दोन-तीन फिकट ठिपके. दिसतंय?

रामहरी : दिसतंय की.

झरीन : काडीसुद्धा?

रामहरी : काडीबी. अगं, एकतीस वर्षं झाली मला ह्या सूक्ष्मदर्शकावर. तुला पहिली काडी कुणी दाखवली?

झरीन : तुम्हीच.

रामहरी : मग? मलाच इचारतीस व्हय?

झरीन : काका, तुम्ही आत्ता बघताय तिथं एकही पांढरी पेशी नाही. नुसत्या तांबड्या आहेत. मी स्लाइड मुद्दाम सरकवली होती.

रामहरी : …लाइट कमी झालाय जरा.

झरीन : लाइट पूर्ण आहे.

रामहरी : म्हंजे माझी परीक्षा घेतलीस. घे. कुणाची स्लाइड हाय ही?

झरीन : मोनिकाची. येरमाळ्याच्या सिदूभाऊंची मुलगी, मेंढ्यावाले. बाहेर बाकावर बसलीय, तोंडात कापूस धरून. हिरड्यांतलं रक्त थांबत नाही. गेल्या महिन्यात एकोणीस तारखेला ताप आला म्हणून आली होती.

रामहरी : डेंगीची पोरगी! प्लेटलेट कमी होत्या. त्या आठवड्यात अख्ख्या कळंबच्या प्लेटलेट कमी होत्या. म्या स्लाइड बघितली तिची. पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, मोठ्या झालेल्या. तापात होत्यातच.

झरीन : तापातली लिम्फोसाइट मऊ असते. शेजारच्या तांबड्या पेशीला टेकली की तिच्या अंगावरनं वळते, तिथं कड निळी होते. हे तुमचंच शिकवणं. ही वळत नाही, काका. टेकली तरी गोलच राहते. म्हणून आज मी डब्यातून एकोणीस तारखेची स्लाइड काढली.

रामहरी : मग?

झरीन : त्या दिवशीही काडी होती, तापात कधी नसते ती. पांढऱ्या पेशींत शंभराला साठ अशाच. मी दोनदा मोजल्या.

रामहरी : साठ. आन् आज?

झरीन : ऐंशीच्या वर.

रामहरी : …डेंगी न्हाई मग.

झरीन : नाही.

रामहरी : तू कुठं होतीस त्या दिवशी?

झरीन : बेंबळीला. अब्बा गेल्याचा चाळीसावा दिवस होता.

रामहरी : व्हय, व्हय. पण तू असतीस तरी काय? स्लाइड तर माझ्याकडंच आली असती.

झरीन : तुमच्या स्लाइड मी परत बघते, काका. रोज. तुम्ही चहाला गेलात की. चुकलं असेल तर रिपोर्ट दुरुस्त करते, मग डॉक्टर मॅडमच्या सहीला ठेवते.

रामहरी : कवापासून?

झरीन : दोन वर्षं झाली.

रामहरी : किती चुकलं?

झरीन : सुरुवातीला महिन्यात एखादं.

रामहरी : आन् आता?

झरीन : मोजणं सोडलं.

रामहरी : सून रोज म्हणायची, दादा, मोतीबिंदू पिकलाय, काढून घ्या. म्या म्हणायचो, आजवर माझा एक रिपोर्ट माघारी आला का? मग डोळ्याला काय झालंय? असं छाती काढून सांगायचो, झरीन. लोकांत.

झरीन : माघारी येऊच दिले नाहीत मी.

रामहरी : तोंडानं सांगता येत नव्हतं?

झरीन : लॅबचा डीएमएलटी कोर्स झाल्यावर पाच लॅबनी मला परत पाठवलं. तुम्ही मालकांशी भांडून मला घेतलंत. अब्बा म्हणायचे, उस्तादाची अब्रू राख. मला वाटलं, मी राखतेय.

रामहरी : एक दिवस न्हवतीस फक्त.

झरीन : एकच दिवस.

(मोनिकाची आई बानूबाई दार ढकलून आत येते.)

बानूबाई : मॅडम, गाडी कवा येतीय? पोरीचं डोस्कं लई दुखायलंय. मगाधरनं कायबाय बोलायलीय.

झरीन : बाजार समितीपाशी आलीय, मावशी. पाच मिनिटं. डॉक्टर मॅडमना मी फोटो पाठवलेत, त्यांनी सोलापूरच्या दवाखान्यात सांगून ठेवलंय. तिला उठून चालू देऊ नका.

बानूबाई : डेंगीनं एवढं व्हतंय? वीस दिस पपईच्या पानाचा रस पाजला म्या. शेळीचं दूध पाजलं. समदे म्हनायचे, पेशी वाढत्यात.

झरीन : डेंगी नाही, मावशी.

बानूबाई : कागदावर तर… ह्यांनीच दिला की कागद. सायेब, तुमीच म्हनला व्हता, घाबरायचं काम न्हाई.

रामहरी : व्हय. म्या म्हणलो होतो.

बानूबाई : मग आता घाबरू का?

झरीन : रक्ताचा कॅन्सर आहे, मावशी. डॉक्टर मॅडमनाही फोटोवरनं तेच वाटतंय. एकोणीस तारखेलाच होता. आमच्याकडून चुकलं.

बानूबाई : एकोणीस तारखेला.

रामहरी : बाई, तिचं न्हाई चुकलं. माझं चुकलं. मला दिसत न्हाई.

बानूबाई : वाचंल का?

झरीन : माहीत नाही, मावशी. डोक्यात रक्त उतरलं असलं तर अवघड आहे. तेव्हाच कळलं असतं तर औषधाला वेळ मिळाला असता.

बानूबाई : कडू लागतंय म्हनून रडायची ती. म्या नाक दाबून पाजायची. बरं व्हायचंय न्हवं तुला, म्हनायची. वीस दिस… गाडीचा आवाज आला बगा. म्या जाते तिच्यापाशी.

झरीन : चला, मी धरते तिला. दोन्ही स्लाइड बरोबर देते, तिथं दाखवा.

रामहरी : झरीन.

झरीन : काय, काका?

रामहरी : सकाळच्या अकरा स्लाइड पडल्यात अजून. लोकं रिपोर्टला थांबलीत. तू ये जाऊन, तवर म्या बघतो. सावकाश बघतो.

झरीन : नको.

रामहरी : अगं, एकेक करून, नीट—

झरीन : नको, काका. आजपासून तुम्ही स्लाइड बघायची नाही.