दोन घागरी पाणी

गावच्या नळाची चावी माझ्याकडं होती, तेव्हाची एक गोष्ट मी कोणालाच सांगितली न्हाई. उन्हाळ्यात पाणी फक्त सकाळी एक घंटा सुटायचं. मंग दिवसभर लोक बहाणे घेऊन यायचे. कोणाकडं पाहुणे, कोणाकडं बाळंतीण.

एका दुपारी धनगर गल्लीतला सखाराम आला.

"भाऊ, माय गेली. आंघोळ घालायला दोन घागरी पाणी पाहिजे."

मी म्हणलं, "परवा तुझ्याच गल्लीतल्या एकानं बाप मेला म्हणून चावी सोडायला लावली. तो बाप काल बाजारात भेटला मला. जा."

तो आल्या पावली परत गेला.

दोन घंट्यांनी माझ्यासमोरून तिरडी गेली. पुढं सखाराम होता, हातात मडकं धरून. शेजारच्या मारवाडणीनं प्यायच्या रांजणातलं पाणी दिलं, तेव्हा कुठं म्हातारीला आंघोळ मिळाली म्हणे.

मी पळत जाऊन त्या गल्लीची चावी पुरी सोडली. नळ धो धो वाहू लागला. बाया सखारामच्या दारात बसल्या होत्या.

"भरून घ्या, बायांनो," मी म्हणलं.

एकीनंबी घागर लावली न्हाई. सगळं पाणी नालीत वाहून गेलं.