काचेखालचा नमुना

(झांबियातलं चोमा गाव, जुलैतला शुक्रवार. बँकेच्या खिडकीच्या आत कारकून सियामे, बाहेर चोल्वे. तिची पाळी येईपर्यंत रांग संपली होती, आणि तिचा धीरही.)

सियामे : बाई, या कोडात चूक होऊच शकत नाही. जगातल्या प्रत्येक बँकेचा स्वतःचा कोड असतो. अकरा अक्षरं लिहिली की पैसे चोमातून निघून थेट त्या बँकेच्या दारात.

चोल्वे : दारात गेले, पण भलत्याच्या. इस्पितळ म्हणतंय, काहीच आलं नाही.

सियामे : म्हणजे कोड बरोबरच चालला. तुम्ही पाठवलेत तिथं गेले.

चोल्वे : मी पाठवले? तुम्हीच म्हणालात, काचेखालचा नमुना बघून उतरवा!

सियामे : तो भरलेल्या अर्जाचा नमुना आहे, बाई. आठ वर्षांपूर्वी कुणी मुलाच्या कॉलेजची फी पाठवली होती, त्यांचा. नाव, खातं आपापलं घालायचं.

चोल्वे : घातलं की. कोडचं विचारलं, तर मान वर न करता म्हणालात, 'भारतच ना? मग तोच.'

सियामे : आजवर सगळे तोच उतरवतात.

चोल्वे : आणि सगळ्यांचे पोचतात?

सियामे : परत येऊन कुणी विचारलं नव्हतं.

चोल्वे : मी आलेय. नवरा चेन्नईत पडलाय माझा, हृदयाची झडप गेलीय. मंगळवारी सकाळी ऑपरेशन. पैसे दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. अकरा गाई विकल्यात मी, सियामे. एका अक्षराला एक.

सियामे : रडू नका, ताई. गहाळ काही होत नाही. नाव जुळत नाही म्हणून पैसे त्या बँकेत नुसते पडून आहेत.

चोल्वे : तोही नुसता पडूनच आहे.

सियामे : परत मागवायचा अर्ज आत्ता लिहितो. खरा कोड आणलात?

चोल्वे : हा घ्या. दीर तिथं खाटेशी बसलाय. त्यानं फोनवर वाचला, मी तीनदा म्हणून घेतला.

सियामे : झकास. आता फक्त लुसाकाच्या मुख्य कचेरीची मंजुरी. तिथं शुक्रवारी तीनला टेबलं आवरतात.

चोल्वे : किती वाजलेत?

सियामे : साडेतीन.

चोल्वे : मग सोमवारी पहिलं काम माझं. शपथ घ्या.

सियामे : सोमवारी वीर दिन. सुट्टी.

चोल्वे : मंगळवारी? उजाडायच्या आत पायरीवर येऊन बसते.

सियामे : मंगळवारी एकता दिन. सगळा देश एकजुटीनं घरी असतो.

चोल्वे : ऑपरेशन मंगळवारी आहे.

सियामे : बुधवारी बँक आठला उघडते.