चार जीबीत न मावणारं

दुकानदार : नाही मावणार, काका. चार जीबीचा प्लेअर आहे हा, आणि तुमच्या आवाजातली अकरा पुस्तकं भरतात पाच जीबीच्या वर. सोळा जीबीचा देऊ का? आत्ताच आलाय.

काका : बटणं आहेत त्याला?

दुकानदार : छे! बटणं कुठली आता? काचेवर बोट फिरवायचं.

काका : मग नको. बायकोला आता दिसत नाही. ह्याची तीन बटणं तिच्या हाताच्या सवयीची आहेत.

दुकानदार : अस्सं. मग आवाज आणखी दाबून फाइली लहान करतो. हे ऐका.

(दुकानदार तुकडा वाजवतो.)

काका : डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय. नको.

दुकानदार : अहो, मग एकच उपाय उरला. प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही केवढा वेळ गप्प बसता! शिवाय मध्येच 'स्वल्पविराम' काय म्हणता?

काका : सवय. आम्ही दोघं छापखान्यात प्रुफं तपासायचो. मी मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची, तिनं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. जुळलं की ती 'हं' म्हणायची. तिचा 'हं' आल्याशिवाय पुढे जायचं नाही. बत्तीस वर्षं.

दुकानदार : बरं, पण आता कुठं प्रुफं तपासायची आहेत? ह्या गप्प जागा कापतो. एकतृतीयांश ओझं उतरेल, अकराच्या अकरा पुस्तकं आरामात बसतील. सोमवारी या घ्यायला.

काका : सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे. आजच हवंय.

दुकानदार : अरे देवा. मोठं आहे?

काका : स्वरयंत्र काढणार आहेत. दोन महिन्यांपूर्वीच बोलावलं होतं. मीच पुढे ढकललं, वाचायचं राहिलं होतं म्हणून. रोज तीन तास वाचलं. तिला कळलं तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता तिनं.

दुकानदार : धरणारच! कमाल आहे तुमची. थांबा, आत्ता कापून देतो, तासाभराचं काम.

काका : कापू नका. चार पुस्तकं काढून टाका.

दुकानदार : काय बोलताय! जिवावर उदार होऊन वाचलीत ना ती?

काका : शेवटची चार काढा. त्यांत घसा बसलेलाच आहे.

दुकानदार : पण काका, नुसत्या गप्प बसण्यासाठी चार पुस्तकं घालवायची?

काका : रोज संध्याकाळी वाचून दाखवतो, तेव्हा अजूनही 'हं' म्हणते ती. मी थांबलोच नाही, तर म्हणणार कधी?

दुकानदार : आणि 'हं' म्हणून उपयोग काय? ह्या डबीला थोडंच ऐकू जाणार आहे?

काका : मी असणार ना शेजारी बसलेला. मला ऐकू येईल.