वारा सरला

मास्तर इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभे होते. घरी लेक कालपासून पोट धरून रडत होती. आई म्हणत होती तेल चोळू, बायको म्हणत होती इस्पितळात नेऊ. मास्तरांनी सुवर्णमध्य काढला होता, की पोटदुखीची बाटली आणू. तेवढ्यात पुढच्या आजींचा फोन वाजला आणि त्या किंचाळल्याच.

"पादला! अहो, आमचा नातू पादला!"

"आजी, हळू. लोक बघतायत," त्यांच्या पुढच्या बाई वळून म्हणाल्या.

"बघू देत! ऑपरेशन झाल्यापासून सगळं घर त्याच्या ढुंगणाला कान लावून बसलंय. वारा सरला की आतडं चालू झालं समजायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आता पाणी मिळेल माझ्या सोन्याला!"

"झालं काय होतं?"

"आतड्यात आतडं अडकलेलं. मी आपली पोटाला तेल चोळत बसले होते. सून माझी महा आगाऊ! वाटी भिरकावली न् पोराला उचलून इथे पळाली. मी तिच्या माहेराचासुद्धा उद्धार केला हो!"

"वॉर्डात आणखी एक बाळ होतं म्हणे? त्यालाही हेच होतं ना?"

"हेच. आमच्या शेजारच्याच खाटेवर होतं. पण फार उशिरा आणलं. काल गेलं बिचारं."

"अगं बाई! त्यांच्याकडेही सासू तेल चोळत होती?"

"अगदी माझ्यासारखीच. फक्त त्यांची सून ऐकणारी होती."

खिडकीशी मास्तरांचा नंबर आला, तेव्हा ते रांगेत नव्हते. दाराशी उभे राहून फोनवर ओरडत होते.

"आई, ती वाटी खाली ठेव. आधी ठेव! आणि फोन हिला दे."