खंडेनवमीचा बत्ता

आमचे मामंजी रिटायर फौजदार. पिस्तुलाचं लायसन हुतं, पण घरात ठेवण्यापुरतं. तरी ते रोज कोटाखाली लपवून न्यायचे. खंडेनवमीला पूजेसाठी मागितलं, तर देईनात. मग ते आंघोळीला गेल्यावर मी पिस्तूल देवापुढं मांडलं आन् चामडी म्यानात खलबत्त्याचा बत्ता घातला.

त्या दिवशी खर्डा गावच्या बाजारात नव्या फौजदारानं मामंजींना अडवलं. मी पाटी घेऊन मागंच हुते.

“अण्णा, कोट उघडा. पिस्तूल निघालं तर लायसन गेलं समजा.”

मामंजी घामाघूम. त्यानं म्यानात हात घातला, तर बत्ता!

“हे काय वं?”

मामंजींनी बत्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “लवंगा कुटायला!”

घरी येऊन त्यांनी बत्त्याला हळदकुंकू वाहिलं. म्हणाले, “सूनबाई, पिस्तूल राहू दे देवापाशीच. मला रोज हाच देत जा.”