आप्पांनी घडवलेली मी

ऐका, आमच्या घरात एक नियम आहे: आपल्यातला प्रत्येक यशस्वी माणूस आप्पांनीच घडवलेला असतो, त्यावर शंका काढायची नाही. आप्पा म्हणजे विट्याचे सोनं गाळणारे व्यापारी, माझ्या बाबांचे धंद्यातले गुरू. परवा त्यांच्या पंचाहत्तरीला सहाजण ओळीनं ‘आप्पांनी मला घडवलं’ म्हणत रडले. मग बाबांनी मी वाचायचं भाषण स्वतः लिहून तो कागद माझ्या हातात दिला: ‘माझा शिरवळचा खोक्यांचा कारखाना ही आप्पांची कृपा.’

“आवं बाबा, मी कारखाना काढायचं म्हटलं तेव्हा आप्पा काय म्हणाले होते?”

“ते आता कशाला काढतीस? वाच गुमान.”

मी माइक घेतला. “आप्पा म्हणाले होते, ‘पोरी, मशिनी कसल्या घेतीस? लगीन कर.’ मी ऐकलं नाही, म्हणून कारखाना उभा आहे. हा कागद मी वाचणार नाही.”

मी कागदाची घडी करून बाबांच्या हातात परत दिली.